बाळंतिणीची शेगडी

माय, जयभीम.

मी इकडे मनालीत बरा आहो. धम्मशीलाले पोरगी झाली, मी मामा झालो, हे आयकून लय बरं वाटलं. कोणावर गेली?

फोनवर सांगवलं नाही, म्हणून लिहून राह्यलो. बाळंतिणीले शेकून झालं का शेगडी लगेच आंगणात काढजो. वारं लागते म्हणून दार-खिडकी गच्च लावू नको.

इथं माह्यासोबत हॉटेलात काम करणारा हरिराम थंडीपायी खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजला. धूर नव्हता, वासही नव्हता. सकाळी तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणे, बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचला.

माय, ती खोली आमची दोघाची होती. मी दाराच्या फटीपाशी निजलो होतो.

पोरीले माहा पापा दे.

तुहा रवी