अब्सलमकाकाची साक्ष

हॉलिस फेरी, मिसिसिपी
जून १९०९

प्रिय थॅड,

कात्रण तुझ्यापर्यंत पोचलं असेलच. बाबांचा फोटोसुद्धा छापलाय, दक्षिणेच्या फौजेच्या त्याच करड्या कोटातला. तो बघून तू काय काय बोलला असशील ते मला इथे बसून ऐकू येतंय. बोल बापडा, तुझा हक्क आहे. फक्त बाबांना जे पत्र तू मनातल्या मनात लिहायला घेतलं असशील, ते हे वाचून होईपर्यंत हातावेगळं करू नकोस.

सगळं सुरू झालं ते मिसेस प्रुएट आमच्या दारात आल्या तेव्हा. बाबांना गुलाम म्हणून लढाईवर नेलं, त्या कॅप्टन प्रुएटची विधवा. तिचे कपडे मी इतकी वर्षं शिवतेय, पण माप घ्यायला नेहमी मलाच मागच्या दारानं जावं लागतं. आणि आता ही बाई बग्गीतून उतरते, हातात हॅमचा तुकडा, तोंडात साखर! माझ्या वालाच्या वेलाचं कौतुक करते! मी दुधानं तोंड न पोळताही ताक फुंकून पिणारी, तुला ठाऊकच आहे. मी हॅम मांजराला हुंगायला दिला आणि मगच आत ठेवला.

बाईंचं काम होतं बाबांकडे. न्यायालयासमोर दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा बसवलाय, त्याच्या अनावरणाला बाबांनी चार शब्द बोलावेत. 'अब्सलमकाका, तू कॅप्टनबरोबर लढाईत होतास, तुझ्याइतका खरा साक्षीदार कोण?' साठीच्या काळ्या माणसाला 'मिस्टर' म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून हे काकापण. तिच्या महिला मंडळाला शाळेतलं इतिहासाचं पुस्तक बदलायचंय. त्या पुस्तकात लिहिलंय की दक्षिणेची राज्यं देशातून फुटली ती आपल्या माणसांना गुलाम ठेवता यावं म्हणून. मंडळाला ते खपत नाही. आणि त्या काळचा गुलामच उठून 'छे, तसं काही नव्हतं' म्हणाला, तर मग कोण बोलणार?

या गावात ज्याचं त्याचं युद्ध वेगळं आहे, थॅड. मिसेस प्रुएटचं राज्यांच्या हक्कांसाठी. बँकेतल्या साहेबांचं जकातीसाठी. शिवणयंत्र विकायला येणारा तो उत्तरेकडचा माणूस सांगतो, देश एक राहावा म्हणून लढलो. आपले पाद्री म्हणतात, देवाला बायबलातल्या त्या जुलमी फारोला बुडवायचंच होतं, बाकी सगळं निमित्त. आणि तू जेवणाच्या ताटावर ओरडायचास, 'अरे, फुटताना मिसिसिपीनं स्वतःच जाहीरनाम्यात लिहिलंय, गुलामगिरीसाठी! वाचा की!' त्यावर बाबा म्हणायचे, 'रस्सा वाढ गं.' मग एके वर्षी ते पुन्हा तो करडा कोट घालून म्हाताऱ्या शिपायांच्या मेळाव्याला निघाले, तू त्यांना 'गोऱ्यांचं पाळीव' म्हणालास आणि शिकागोची गाडी धरलीस.

मलाही संशय होताच. वर्षानुवर्षं हा माणूस तिथं का जातो? मला आधी वाटलं, पेन्शनच्या आशेनं. मग वाटलं, व्हिस्की. नंतर तर वाटलं, त्या गावात एखादी बाई असेल. म्हणून गेल्या वर्षी टोपली धरण्याच्या निमित्तानं मी त्यांच्याबरोबर गेले. मंचावर तेच चाललं होतं, हक्क आणि इभ्रत. पण जेवणं झाली, म्हातारे झाडाखाली कलंडले, की कोणाच्या बापाकडे किती माणसं होती, कोण कुठे विकला, हे सगळं त्यांना तोंडपाठ. बाबा त्यांच्यात बसून त्यांच्या विनोदांना हसत होते, पंख्यानं वारा घालत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बाबा एकाला हळूच म्हणाले, 'साहेब, तुमच्या मुलखात लढाईच्या आधी डायसी नावाची पोर कुणी घेतली होती का? पुढच्या दातांत फट होती तिच्या.' तो नाही म्हणाला. बाबा उठून दुसऱ्याकडे गेले. मग तिसऱ्याकडे.

आपली आत्या, थॅड. आपल्याला आत्या होती हे तरी तुला माहीत होतं का? बाबा लहान असताना प्रुएटांनी तिला विकलं. परतताना मी बाबांवर चिडले, की आम्हाला का नाही सांगितलंत. तर म्हणाले, 'तुम्ही पण आशा लावून बसला असता. घरात एक वेडा पुरे.'

तर मिसेस प्रुएट ओसरीवर बसल्या होत्या आणि बाबांनी धीर करून तिलाही तोच प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत त्यांनी गोऱ्या बायकांना कधी विचारलंच नव्हतं, त्यांच्या जवळ जायची सोय कुठे असते! बाई डोळे बारीक करून म्हणाली, 'फटीच्या दातांची डायसी? बघितल्यासारखी वाटते खरी. तू शनिवारी नीट बोल काका, तोवर मी आठवून ठेवते.'

बग्गी वळणाआड गेली आणि मी बाबांवर तुटून पडले. 'ही थापाडी आहे. तिला काही आठवणार नाही. आणि तुम्ही जे बोलाल ते पुस्तकात जाईल. ती फाटकी पुस्तकं शेवटी आपल्याच पोरांच्या शाळेत येतात, त्याचं काय?' बाबा बूट पुसत होते. म्हणाले, 'पोरी, कशासाठी लढले ते मला माहीत आहे. मी खोटं बोललो म्हणून खरं कुठं पळून जात नाही, तुझा भाऊ आहे की ओरडायला. पण डायसी म्हातारी झाली असेल. ती थांबायची नाही.' यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर कळव.

शनिवारी ते बोलले. 'मी आपखुशीनं गेलो. लढाई आमच्यापायी नव्हती.' आवाज खणखणीत होता. बँड वाजला, टोप्या उडाल्या, बायकांनी डोळे टिपले. आपली माणसं मागे, दोरीपलीकडे उभी होती. त्यांच्यातल्या कुणीही बाबांकडे पाहिलं नाही. मीसुद्धा मान वर केली नाही.

मग आम्ही प्रुएटांच्या मागच्या ओसरीवर थांबलो. पाहुण्यांचं सरबत उरकल्यावर बाई आली. म्हणाली, 'डायसी माझ्या चुलतबहिणीकडे कामाला आहे, इंडियानात, इव्हान्सव्हिलला, तिथल्या घरामागच्या खोलीत राहते. गेल्या हिवाळ्यात तिथं गेले होते, माझ्या कॉलरना इस्त्री तिनंच केली. दातात फट आहे हो, हसली की दिसते. मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल!' बाबांना वाटलं, सापडली. पण मला एकच दिसलं. फट त्यांनीच बाईला सांगितली होती. तिनं आपलंच नाणं आपल्या हातावर परत ठेवलं. बाकी त्या चुलतबहिणीचं नाव मिसेस ओडेल टॅगार्ट, एवढंच. रस्ता विचारला तर म्हणाली, नदीच्या बाजूला कुठेतरी.

आता बाबा ट्रंक भरून बसलेत. त्यांची छाती कशी आहे ते तुला माहीत नाही. चर्चची पायरी चढतानाही थांबतात. तिथं जाऊन भलतीच डायसी निघाली, तर ते परत यायचे नाहीत. म्हणून त्यांच्या नकळत हे लिहितेय. बाबांना माफ कर असं म्हणत नाही, तुला राग धरायचा तर धर. पण आधी तू इव्हान्सव्हिलला जा. तुला कमी पल्ला आहे. प्रुएटांच्या घरात ज्याची वाच्यता कधी झाली नाही असं काहीतरी सांगा, म्हणून मी बाबांच्या मागेच लागले. तर ते लाजले, थॅड, आपले बाबा लाजले. गुडघे पोटाशी घेऊन झोपायचे म्हणून ती त्यांना 'बेडूक' म्हणायची. अंधारात, कुजबुजत, फक्त दोघांत. इव्हान्सव्हिलच्या त्या म्हातारीला दातांचं काही विचारू नकोस, प्रुएटांचं नावही काढू नकोस. एवढंच विचार, की तुझ्या धाकट्या भावाला तू काय म्हणायचीस. ती बेडूक म्हणाली, तर तिथूनच तार कर, मी बाबांना गाडीत बसवते. दुसरंच काही म्हणाली, तर मला एकटीला कळव. मग बाबांना, ती गेल्या हिवाळ्यातच वारली, शेवटपर्यंत बेडकाची आठवण काढत होती, असं पत्र तू लिहायचंस. खरं बोलणारा म्हणून या घरात ते फक्त तुलाच ओळखतात.

तुझीच ताई,
लव्हिनिया