उपजत वेगाचा आमचा सिद्धांत

रविवार, पौष वद्य पंचमी, सायंकाळ

श्रीमत् सोसायटीकुलभूषण, चतुर्थमजलाधीश, मधुमेहसीमारक्षक, स्वयंप्रशिक्षित द्रुतगतिधुरंधर अशा आम्हांस आज सोसायटीच्या शर्यतीत प्रत्यक्ष धर्मपत्नीने वीस पावलांनी पराभूत केले. आम्हां उभयतांतला पण असा होता की, हरेल त्याने वर्षभर सकाळचा चहा करायचा.

आम्ही तीन महिने भिंतीवर वेळापत्रक चिकटवून अभ्यास केला. ती साडी खोचून, चपला हातात घेऊन धावली. चपला हातात!

घरी येताच आम्ही सिद्धांत मांडला, "वेग हा उपजतच असतो. तो तुला जन्मतः लाभला, यात आमचा काय दोष?"

ती हसली. रंगात आली की तिची मुर्धे गावची, माहेरची बोली परतते. "अवो, उपजत काय न्हाय. मिठागराच्या बांधावरून बापाची भाकरी घेऊन रोज धावायचे मी. पाय घसरला की खाऱ्या पाण्यात, वर बापाच्या शिव्या. आन् तुमची ती धाव न्हाय, वरात हाय."

म्हणजे तिचा अभ्यास आमच्याहून कैक वर्षांनी ज्येष्ठ? आणि ओल्या बांधावर चप्पल घसरते, म्हणून ती हातात घेणे हेही प्रशिक्षणच? सिद्धांत कोसळला. तथापि तिने फीत तोडली तेव्हा सर्वांत मोठ्याने आम्हीच ओरडलो, हे येथे नमूद करतो. मागून दृश्य उत्तम दिसत होते.

उद्यापासून चहा. शेगडीचा लायटर मात्र दहादा खटखटवल्याविना ठिणगी देत नाही, आणि नवा कोणी आणायचा हे पणात ठरलेच नव्हते.