फोन स्पीकरवर नको

प्रिय आई,

रविवारीच फोन झाला असताना आता पत्र कशाला, असं तुला वाटेल. हे आधी तू एकटीनं वाच, बाबांना मग सांग. आम्ही दोघं भाऊ इकडे परदेशात ठीक आहोत. लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींचे ढीग संपता संपत नाहीत, पण ते नेहमीचंच. पत्र आधी कच्चं लिहून मग पक्कं उतरवतोय, त्यामुळे खाडाखोड दिसणार नाही. वैताग दिसेल, तो सांभाळून घे.

बारक्यानं गेल्या रविवारी फोनवर घडाघडा इंग्रजी म्हणून दाखवलं, तेव्हा तिकडे टाळ्या पडल्या. शेजारच्या काकूंनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मामा म्हणाले, पोराचे उच्चार बघा. आई, ती त्याच्या शाळेच्या जिन्यावर लावलेली आगीची सूचना होती. घंटा वाजली की दप्तरं जागेवर ठेवा, धावू नका, रांगेनं मैदानात जा. मधल्या सुट्टीत तो त्या पाटीसमोर एकटाच उभा असतो, म्हणून पाठ झाली. आणि तू ती रेकॉर्ड करून सगळ्या नातेवाइकांना पाठवलीस. मावशीचा मला अभिनंदनाचा मेसेज आला. मी काय उत्तर देणार, कपाळ?

वर्गात तो तोंड उघडत नाही. गणितं सोडवतो, पण गणित शब्दांत घातलेलं असलं की कागद कोरा. त्याच्या वर्गशिक्षिकेचं म्हणणं, त्याला दोन वर्ग खाली बसवावं. नऊ वर्षांचा मुलगा, त्या चिमुकल्या खुर्च्यांवर! इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्या मुलांसाठी शाळेत एक वेगळ्या बाई आहेत, त्या सत्र संपेपर्यंत थांबा म्हणून भांडताहेत. त्यांनी त्याच्याशेजारी एक बडबडी मुलगी बसवली, चित्रांची कार्डं दिली, मनात येईल ते आधी आपल्या भाषेत लिही म्हणून सांगितलं. हा पठ्ठ्या हसतो, मान डोलावतो आणि लिहीत काहीच नाही.

मग त्यांनी मला बोलावलं. मी लाँड्रीतून अर्धी सुट्टी काढून, शर्ट नीट इस्त्री करून गेलो, जसा काही माझाच निकाल होता. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला शिक्षकांच्या खोलीत बसायला घाम फुटतो. बाईंनी विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? मी ताठ मानेनं सांगितलं, फक्त इंग्रजी. दारावर, बादलीवर, आरशावर मी इंग्रजी चिठ्ठ्या चिकटवल्यात, हेही सांगितलं. एकही स्पेलिंग चुकलेलं नाही, हे मनात ठेवलं. वाटलं, बाई खूश होतील. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, घरी तुमच्या भाषेत बोला, भरपूर बोला, भांडा, गोष्टी सांगा. एका भाषेत बोलायला काही असेल तर ते दुसऱ्या भाषेत आणायला मी मदत करीन. मुळात बोलणंच बंद असेल तर मी काय करू?

मला वाटलं, या बाईंचं काहीतरी बिनसलंय. इतकी वर्षं मामा उलटं सांगतात, म्हणून तर तुम्ही त्याला इकडे माझ्याकडे शिकायला पाठवलंत. तुला फोनवर सांगितलं तर तू म्हणालीस, 'मराठी कुठे पळून जाते? आधी इंग्रजी येऊ दे.' पाठीमागून मामांनी हुंकार भरला. मी पुढे बोलायला गेलो, तोवर फोन काकूंच्या हातात.

तरी मी त्या दिवसापासून घरी मराठी बोलायला लागलो. पण तुझा धाकटा लेक 'इंग्रजीतच बोल' हे तुझं ऐकतो, माझं नाही. मी मराठीत विचारतो, तो 'यस' आणि 'नो' करतो. संध्याकाळभर एका खोलीत दोन माणसं आणि एक घड्याळ. वैतागून मी त्याच्यावर ओरडलो, तर 'सॉरी' म्हणाला. आता यावर काय करावं माणसानं?

मंगळवारी बाईंचा कामावर फोन आला. बारक्याचा गाल सुजला होता. दाढ किडली होती आणि किती दिवस दुखत होती देव जाणे. बाई रोज सकाळी चेहऱ्यांची कार्डं पुढे ठेवून आज कसं वाटतंय विचारतात, हा रोज हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवत होता. मी त्याच्याशेजारी झोपतो, मलाही कळलं नाही. दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली, तर त्यांना 'थँक यू' म्हणाला.

परत येताना बसमध्ये त्याचा अर्धा गाल बधिर होता, तोंडात कापूस होता. तो बोबडा बोलला, पण मराठीत बोलला. विचारलंन, 'दादा, मला इंग्रजी पूर्ण आलं की मग आई माझ्याशी बोलेल ना?' मी म्हटलं, अरे, दर रविवारी बोलते की. तर म्हणाला, 'ती माझी परीक्षा घेते.' दाढेचंही त्याला तुलाच सांगायचं होतं. इंग्रजीत कसं सांगायचं, ते येत नव्हतं.

आई, म्हणून हे पत्र. ज्या फोनवर मामा आणि काकू असतात, त्यावर हे मला सांगता येत नव्हतं. पत्र मिळालं की येणाऱ्या रविवारी तू गच्चीवर जा, एकटी, आणि फोन कानाला लाव. काही म्हणून दाखव असं म्हणू नकोस. दाढ कुठली होती ते विचार, रक्त किती आलं ते विचार, आधी का नाही सांगितलंस म्हणून चांगली रागाव. त्याला रडू आलं तर रडू दे, तू फोन ठेवू नकोस. तेवढा वेळ मी जिन्यात जाऊन बसेन.

तुझाच,
थोरला