खोडलेल्या ओळींसकट चाळीस वह्या

मी, शरदिनी विश्वेश्वर टोकेकर, वय शहात्तर वर्षे, निवृत्त शिक्षिका, राहणार दूधविनायक, वाराणसी, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे. डॉक्टर यज्ञेश सप्रे यांनी काल तपासून तसा दाखला दिला. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नसते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही.

कलम १. दूधविनायक गल्लीतील माझ्या मालकीच्या दोन खोल्या, गच्चीचा हिस्सा आणि बँकेतील ठेवी माझी भाची मालविका हिला द्याव्यात. आम्हांला मूल नव्हते. मालविका नवव्या वर्षापासून आमच्याकडेच वाढली. पुढे तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम २. माझे दीर रत्नाकर यांनी घर रंगवतेवेळी माझी सातव्या क्रमांकाची गाण्यांची वही रद्दीवाल्याला दिली. मी विचारले तेव्हा म्हणाले, "नुसती खाडाखोड होती, वहिनी. पक्की प्रत असेलच की तुमच्याकडे." पक्की प्रत नव्हती. महिनाभर मी त्यांना मुकाट्याने जेवायला वाढले. आता राग नाही. यजमानांचे मनगटी घड्याळ त्यांना द्यावे. वह्यांच्या कपाटाची किल्ली देऊ नये.

कलम ३. उरलेल्या चाळीस वह्या मालविकाच्या ताब्यात राहतील, पुढील अटींवर. अटींचे कारण लिहिणे भाग आहे, म्हणून हे कलम लांबले.

माझी गाणी माझ्या एकटीची नाहीत. चाली नंदाच्या आहेत. नंदा जोगळेकर, माझी शाळेपासूनची मैत्रीण, लग्न होऊन गंगेपलीकडे रामनगरला गेली. ती नावेने यायची, आम्ही पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर बसायचो. आधी ती नुसती गुणगुणायची. मग मी त्यावर शब्द घालून पाहायची. "इथे श्वास पुरत नाही, शरू," असे ती म्हणे किंवा समासात शेरा लिही, की मी ओळ खोडायची. एका ओळीला कधी आठवडा लागे. वह्यांत दिसते ती खाडाखोड म्हणजे आमचे बोलणे आहे.

एक्क्याऐंशी साली गणेशोत्सवातल्या कार्यक्रमासाठी आम्ही एक पाळणा केला. चाल आधीच झाली होती; शब्द मी आदल्या दिवशी दिले. "निजला गं निजला, गंगेकाठी वारा." भरल्या मंडपात नंदाने गायले, "रमला गं रमला." मला न विचारता. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी ती दारात आली तेव्हा मी म्हटले, "शब्द माझा होता. तो बदलायचा तुला अधिकार काय?" ती तशीच परत गेली. त्यानंतर अकरा वर्षे आम्ही एकमेकींचे तोंड पाहिले नाही. त्या अकरा वर्षांत मी लिहिलेली गाणी वाचून पाहावीत. ती नीट बसलेली आहेत आणि कुणी गात नाही.

ब्याण्णवच्या श्रावणात मंगळागौरीच्या देवळात, दर्शनाच्या रांगेत ती माझ्या पुढेच निघाली. मागे वळून एवढेच म्हणाली, "माझा बाळू दुपारी पाळण्यात गेला, शरू. निजलाय असं वाटून मी त्याला उठवलं नाही. तो शब्द माझ्या तोंडून निघेना गं."

तिचे मूल गेल्याचे मला ठाऊक होते. कसे गेले, हे मी कधी विचारलेच नव्हते. रांगेत मागच्या बायका "आगे बढ़िए" म्हणत होत्या आणि आम्ही दोघी तिथेच रडत उभ्या होतो. घरी येऊन मी वहीत "निजला" खोडले, वर "रमला" लिहिले आणि बाजूला तारीख घातली.

गेल्या वर्षी मालविकाने सगळ्या वह्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरला वाचायला दिले. मग फोन माझ्या कानाशी धरला. "मावशी, सुन ना, तुझ्याच ढंगातला पाळणा केलाय त्याने. आधा मिनट भी नहीं लगा." ऐकला. कुठे अडखळत नव्हता. "निजला" तीनदा आला होता, तिन्ही वेळा चपखल.

"खरं सांग, कसा आहे?"

"चांगला आहे गं. कुणासाठी केलाय?"

मालविकाने फोन खाली ठेवला. मग मी तिला रांगेतली गोष्ट सांगितली. तोवर ती तिलाही ठाऊक नव्हती. तिने तो पाळणा माझ्यासमोर पुसून टाकला. मी तसे म्हटले नव्हते. पोरगी गुणाची आहे.

तेव्हा अटी अशा. वह्या छापल्या तर खोडलेल्या ओळींसकट छापाव्यात. नंदाच्या हातचे शेरे गाळू नयेत. माझ्या पश्चात माझ्या नावाने नवे गाणे निघू नये, ना माणसाने केलेले, ना यंत्राने केलेले. ज्याला शिकायचे असेल त्याला वह्या घरी बसून पाहू द्याव्यात, चहा द्यावा, घाई करू नये. गाणी कुणीही गावीत. एखादा शब्द एखादीच्या तोंडून निघत नसेल तर तिने तो खुशाल बदलावा; फक्त वहीत आपले नाव आणि कारण लिहून ठेवावे. कारण सांगवत नसेल तर नुसते नाव पुरे.

कलम ४. माझी वाजवायची पेटी. ती नंदाला देण्याचे मी ठरवले होते. परंतु आज वकीलसाहेबांनी सांगितले की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार न होणे बरे. मी नंदाला विचारले, "पेटी घेतेस की सही करतेस?"

ती म्हणाली, "पेटी राहू दे. मी सही करते. तू काय लिहिलंयस ते एकदा माझ्यासमोर वाच."

मी वाचले. ती पूर्ण ऐकेपर्यंत चहा गार झाला. सबब पेटीही मालविकाला द्यावी.

वरील मजकूर मी लिहिला, वाचून दाखवला आणि तो मला मान्य आहे. खालील दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष मी सही केली व त्यांनी माझ्या समक्ष केली.

शरदिनी विश्वेश्वर टोकेकर

साक्षीदार:
१. डॉ. यज्ञेश सप्रे, मंगला गौरी, वाराणसी
२. नंदा जोगळेकर, रामनगर. (सर्व ऐकले. सगळे असेच घडले. बाळूचे नाव कागदावर आज पहिल्यांदा आले, ते राहू द्यावे.)

स्थळ: दूधविनायक, वाराणसी
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५