घरचे रोल आणि पांढरी टोपी

४ मार्च, मंगळवार. सकाळी.
आज अपमान झाला. लगेच लिहून ठेवतो, म्हणजे राग शिळा होणार नाही.
घराखालच्या बेकरीत नेहमीप्रमाणे नाश्त्याचे दालचिनी रोल आणायला गेलो. घरातलं हे एकच काम माझ्याकडे उरलं आहे. बाकीची सूनबाईने आणि हिने आपसात वाटून घेतली. रोल ताजा आहे का, हे बोटाने जरा दाबून बघितलं. बेकरीवाला, ज्याला मी मनात पांढरी टोपी म्हणतो, भर रांगेत ओरडला की आजोबा, हे दुकान आहे, नाडी बघायचा दवाखाना नाही! सगळी रांग हसली. एका बाईच्या कडेवरचं मूलसुद्धा हसलं. त्याला काय कळलं?
वर म्हणाला, एवढा संशय असेल तर घरी करून खा की.
ठीक आहे. करून खाईन.

दुपारी.
योजना पक्की. पंधरा तारखेच्या शनिवारी व्याही राहायला येणार आहेत, सूनबाईचे वडील. रविवारी सकाळी नाश्त्याला माझ्या हातचे रोल. सगळे म्हणणार, आता बेकरी बंद. मग एक रोल बशीत घालून खाली जायचं, भर रांगेत काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, खा. एवढंच. जास्त बोललं की वजन जातं.

५ मार्च, बुधवार.
जेवताना जाहीर केलं. ही म्हणाली, आधी चहा गाळायला शिका. (हिचंही नंतर बघू.) सूनबाई म्हणाली, बाबा, कशाला दगदग करता? मी ठाम राहिलो. मग तिने चमचा खाली ठेवला. ती चमचा खाली ठेवते तेव्हा मला घाम फुटतो. म्हणाली, करा, पण माझ्या वडिलांसमोर फजिती झाली तर पुढे रोज रोल मीच आणणार. तुम्ही रोज खाली जाऊन भांडता आणि बोलणी मला खावी लागतात.
म्हणजे सकाळचं जाणंही काढून घेणार. मग सकाळी उठायचं कशासाठी?
पण ती वेळ येणारच नाही. फजिती व्हायची ती पांढऱ्या टोपीची.

६ मार्च, गुरुवार.
बहिष्कार चालू. नाश्त्याला कोरडा ब्रेड. घशात अडकला, पण मानाने अडकला.
नंतर बेकरीसमोरच्या बाकावर जाऊन बसलो. गिऱ्हाईक फोडायचं. एका बाईने विचारलं, काका, इथलं काय चांगलं असतं? मी म्हणणार होतो, काहीच नाही. पण तोंडावर खोटं बोलायची सवय नाही. म्हटलं, दालचिनी रोल घ्या, मात्र ट्रेच्या कडेचे नको, मधले मागा. बाई मोठा खोका भरून घेऊन गेली. काचेआडून पांढऱ्या टोपीने मला हात केला. मी बघितलंच नाही.

८ मार्च, शनिवार.
पहिला प्रयोग. यीस्टच्या पाकिटावर लिहिलं आहे, कोमट पाणी घ्या. मी सातवी नापास असेन, पण सगळा जन्म लाँड्रीच्या बॉयलरवर काढला आहे. कोमट म्हणजे ज्याला आपलं मत नाही असं पाणी. बॉयलर कोमट असता तर साहेबांनी मला घरी बसवलं असतं. उकळतं घातलं.

संध्याकाळी.
पीठ दुपारपासून तसंच पडून आहे. ही डोकावून म्हणाली, झोपलंय की गेलंय? सूनबाई म्हणाली, बाबा, यीस्ट जिवंत असतं, तुम्ही त्याला उकळून मारलंत. जिवंत आहे तर तसं ठळक लिहायला नको? मी काय खुनी आहे?
तरीही भाजले. बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटतं, तिथे हिने एक रोल लावून ठेवला. दार आता आपटत नाही. म्हणजे प्रयोग अगदीच वाया गेला असं नाही.

११ मार्च, मंगळवार.
आज अक्कल चालवली. पाणी नाइलाजाने कोमट घेतलं. पण पीठ फुगायचं तर दाब हवा, हे बेकरीवाल्यांना कोण सांगणार? नुसतं फडकं टाकून ठेवतात म्हणे. वाफ अशी मोकळी सोडली असती तर शहरातली एक चादर वाळली नसती. मी पीठ बिस्किटांच्या डब्यात घातलं, झाकण घट्ट लावलं, वर तार आवळली, डबा उन्हात ठेवला आणि जरा पडलो.

थोड्या वेळाने.
स्फोट झाला. झाकण दिव्यावर. दिवा जमिनीवर. पीठ छतावर. ही बाथरूममधून ओरडत आली की गॅस फुटला का. मी म्हटलं, गॅस नाही, यीस्ट. दाब उत्तम तयार झाला होता, एवढं कोणीही मान्य करेल. सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढा राहिला.
सूनबाईने घरी आल्यावर वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. पर्स न ठेवताच शिडी आणायला गेली. हे फार वाईट लक्षण आहे.
सगळ्याच्या मुळाशी पांढरी टोपी. छताचा हिशोबही त्याच्याच नावावर.

१३ मार्च, गुरुवार.
तिसरा प्रयोग, जवळजवळ यशस्वी. पीठ फुगलं. लाटलं, लोणी, साखर, दालचिनी घातली, गुंडाळी केली, कापलं, ओव्हनमध्ये ठेवलं. घरभर वास असा सुटला की शेजारचे काका दाराशी येऊन उगाचच पाण्याच्या टाकीबद्दल विचारू लागले. मी सारखं ओव्हनचं दार उघडून बघत होतो. आगीवर नजर ठेवायची म्हणजे ठेवायची, ते पगार घेऊन केलं आहे. ही म्हणत होती की अहो, दर वेळी गरमी बाहेर जाते. हिला बॉयलरचं काय कळतं?
वरून सुरेख. आतून खळ. पहिला घास घेतला आणि खालची कवळी रोलमध्येच राहिली. पकड चांगली होती, एवढं नक्की.
रविवारपर्यंत जमेल. काळजी नाही. रात्री छातीत धडधडलं, पण ते उत्साहाने.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी.
व्याही आले. चप्पल काढता काढता म्हणाले, उद्या तुमच्या हातचे रोल म्हणे! मुलीने सांगितलं, आम्ही वाट बघत होतो. सूनबाई हसली, पण तिचा चमचा कुठे आहे याकडे माझं लक्ष होतं.
फिरायला जातो सांगून बाहेर पडलो. मफलर गुंडाळला, काळा चष्मा लावला, बेकरीत शिरलो. पांढरी टोपी लगेच म्हणाला, या आजोबा, बऱ्याच दिवसांनी! मी घोगरा आवाज काढून म्हटलं, आजोबा कोण? पाहुण्यांसाठी रोल हवेत. तो म्हणाला, बरं पाहुणे, मधले देतो.
खोका पलंगाखाली सरकवला आहे. ही माघार नाही. शत्रूचंच हत्यार शत्रूवर चालवायचं, याला डावपेच म्हणतात. सकाळी गरम करायचे, शर्टाला थोडा मैदा लावून घ्यायचा. सगळे वाहवा करतील. मग तोच रोल खाली नेऊन त्याच्यासमोर ठेवायचा का, एवढाच प्रश्न आहे. सध्या तो बाजूला ठेवतो.

१६ मार्च, रविवार.

रोल मांडले. व्याह्यांनी सावकाश खाल्ला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, घरी केलेत त्या मानाने उत्तम. पण व्याही, राग मानू नका, बेकरीची सर नाही!
कसली सर नाही? मी हबकलो. सूनबाई म्हणाली, हो ना, साखर जरा जास्त झाली. ही म्हणाली, मधे थोडा कोरडा आहे, आणि हात जड पडलाय. हात जड! त्या माणसाचा हात पिसासारखा आहे, काचेतून कितीदा बघितलं आहे मी. पहाटेपासून उभा असतो तो. आणि हे लोक आरामात बसून म्हणतात, कोरडा!
ओठांवर आलं होतं. गिळलं. त्याची बाजू घ्यायची तर खोका बाहेर येतो. मान खाली घालून म्हटलं, पुढच्या वेळी सुधारेन.
सूनबाईने प्रेमाने पाठीवर हात ठेवला. म्हणाली, बाबा, पुरे झालं आता. सकाळचे रोल मी आणत जाईन.
गेलं.

१७ मार्च, सोमवार.
आज व्याहीच हौसेने रोल आणायला गेले. मी खिडकीत. बऱ्याच वेळाने आले, पांढऱ्या टोपीशी दोस्ती करून. म्हणाले, तुमची गोष्ट सांगितली हो त्याला! म्हटलं, वर राहणाऱ्या आमच्या व्याह्यांनी काल घरी रोल केले, छान होते, पण तुमच्यासारखे नाहीत.
माझ्या हातातला चहा बशीत सांडला. विचारलं, काय म्हणाला?
व्याही म्हणाले, आधी हातातला खोका खाली ठेवला. मग विचारलं, कालच्या नाश्त्याला का? म्हटलं, हो. तर म्हणाला, आजोबांच्या हाताला चव आहे, कालचे रोल बिघडले असतील तर दोष मैद्याचा, त्यांचा नाही. आणि म्हणाला, तेवढं उद्यापासून त्यांनाच पाठवा, सकाळ सुनी वाटते. सूनबाईने ऐकलं आणि म्हणाली, बरं बाबा, जा तुम्हीच, पण भांडू नका.
घाबरला असणार. दुसरं काय?
नंतर ही हळूच खोलीत आली. म्हणाली, पलंगाखालच्या खोक्याला मुंग्या लागल्यात, तेवढा बाहेर टाका. काल कोरडा म्हणताना हिला माहीत होतं तर.
भर रांगेत मला उघडं पाडायची संधी होती त्याला. नाही पाडलं. स्वतःच्या रोलला नावं ठेवून घेतली आणि मला सांभाळून घेतलं. हसणाऱ्या माणसाचा सूड घेता येतो. याचा कसा घ्यायचा?
उद्या सकाळी जायचं आहे. कपडे काढून ठेवले. चेहरा कोणता घालायचा, ते अजून ठरत नाही.