उजव्या बाजूचा बैल

मी, वितोमिर पायकिच, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार कोस्तोलाच, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने या मृत्युपत्रात लिहून ठेवतो की, आमच्या संग्रहालयातील काशाच्या रोमन नाण्यावरचा उजवा बैल रोमन नाही. तो मी कोरला. संशोधक नेवेना लुकिच यांनी काल, मंगळवारी, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून याला दुजोरा दिला.

१. घर व आलुबुखारची झाडे मुलगी स्लावित्सा हिला.

२. मेहुणा स्रेतेन यास तारेचा ब्रश. नांगरताना सापडलेली नाणी व्हिनेगरमध्ये उकळून तो याच ब्रशाने घासायचा, मग नाण्यावरच्या सम्राटाला नाक उरायचे नाही. "दाजी, चकाकलं की गिऱ्हाईक येतं," हे त्याचे उत्तर. ब्रश मीच लपवला होता, परत करतो.

३. माझ्या कोरण्या वितळवाव्यात. कारण असे:

इथल्या रोमन टांकसाळीच्या नाण्यांवर पुढे सम्राटाचा चेहरा, मागे डावीकडे बैल, उजवीकडे सिंह आणि त्यांच्यामध्ये उभी बाई असते. हे दोन प्राणी इथल्या दोन रोमन सैन्यदलांची चिन्हे. १९८६ साली आलेल्या नाण्याची उजवी बाजू पार झिजलेली होती. संग्रहालयात माझे काम फक्त नाण्यांवरचे कीट काढण्याचे. कीट काढताना उंचवटा दिसला, तो शिंग वाटला. बैल आमच्या गोठ्यात होते. सिंह मी सर्कशीत एकदाच पाहिलेला. हात चालत गेला. दोन दिवसांनी चूक उमगली, तोवर संचालकांनी वर्तमानपत्राला फोटो दिला होता. ताजे ओरखडे रसायनाने काळे केले आणि गप्प बसलो. कडेची अक्षरे व खालचा वर्षाचा आकडा खरा आहे. त्यांना मी हात लावलेला नाही.

४. नाण्यावरच्या त्या वर्षी सिंहाचे दल इथली छावणी सोडून गेले, म्हणून नाण्यावरून सिंह वगळला, असा नेवेनाचा प्रबंध आहे. सहा वर्षांचे काम. येत्या सोमवारच्या तोंडी परीक्षेचे आमंत्रण द्यायला ती केक घेऊन आली, तेव्हा मी सांगून टाकले. मी कोणती कोरणी वापरली, ते तिने आधी विचारले. मग म्हणाली, "सहा वर्षं तुमच्या बैलामागे चालले मी, काका."

साफ केलेल्या प्रत्येक नाण्याच्या चित्रांच्या माझ्या नऊ वह्या तिला देऊ केल्या. तिने नकार दिला. "साक्षीदाराला काही देता येत नाही ना? मग काही देऊ नका. साक्षीदार म्हणून माझं नाव घाला."

वह्या संग्रहालयाला, मागेल त्याला दाखवाव्यात.

५. हे पत्र माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. सोमवारी समितीपुढे कलम तीन नेवेना स्वतः वाचेल. मी तिथे हजर असेन. प्रश्न मला विचारावेत. पदवीचे काय, ते समिती त्यानंतर सांगेल.

कोस्तोलाच, बुधवार, १२ मार्च २०२५
(सही) वितोमिर पायकिच

साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली:
नेवेना लुकिच
बोगोल्युब तासिच, औषधविक्रेते, शेजारी