आरशावरची डाळिंबी साडी

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
६ जानेवारी २०२५

ती. स्व. कुसुमआत्यास,
तृप्तीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला आनंद ओरडून सांगता येत नाही, म्हणून पत्र. आत्या, माझ्या कथकच्या क्लासला आरसा लागला, अख्ख्या भिंतीभर. क्लासमधल्या शीतलची आई म्हणाली, आता एकदम इंदूरवाला क्लास दिसतो. मुली आपली चूक आपणच बघतात, माझं निम्मं ओरडणं वाचलं. तक्रार एकच, खालचे कापडवाले दिगंबरकाका म्हणतात की आमच्या नाचाने त्यांचं छत हादरतं. लाकडी जमिनीवर जाड सतरंजी घालेन म्हणते.

महिनाअखेरीस पहिला कार्यक्रम आहे. तू यायचंस, आणि नंतर इथेच राहून माझ्याबरोबर परत शिकवायचंस. तिकडे परतणाऱ्या योगेशदादाबरोबर तुझ्या आवडीची इथली मिठाई, दराबा, पाठवला आहे. वाटेत त्याने उघडला नाही तर पोचेल.

तुझा लोभ खकनारात बसून न राहता इकडे यावा, ही विनंती.

तुझी तृप्ती


खकनार
१० जानेवारी

चि. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद.

दराबा पोचला, अर्धा. लहानपणी तू कपाटाच्या आरशापुढून हलत नव्हतीस, आता तर भिंतीएवढा मिळाला. पण माझ्या क्लासात मी आरसा कधी येऊ दिला नाही. आरशात बघणारी मुलगी स्वतःपुरती नाचते. नाच समोरच्याला द्यायचा असतो. म्हणून मी तुम्हाला जोडीजोडीने समोरासमोर उभं करायची. एकीचं चुकलं की दुसरीने सावरायचं, ही माझी पहिली शिकवण, पाय आणि हात त्यानंतर. माझं ऐकशील तर आरशावर जुनी साडी बांध.

माझ्या येण्याचं मात्र मनातून काढ. तबला ऐकू न येणारी बाई काय शिकवणार? मुली तोंडावर मान देतील आणि पाठीमागे हसतील, ते मला सोसणार नाही.

माया आहे तिथेच आहे, ती कमी समजू नये.

कुसुमआत्या


लोधीपुरा
२१ जानेवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून मी फुगून बसले होते. साडीबिडी काही बांधली नाही. मग सभागृहात तालीम झाली. समोर नुसत्या खुर्च्या, आणि मुली गोंधळून स्वतःलाच शोधायला लागल्या. माझी सगळ्यात हुशार शीतल चक्कर घेऊन थांबली ती पडद्याकडे तोंड करून.

परत आल्याबरोबर तुझी इथे राहिलेली डाळिंबी साडी आरशावर बांधली. मुली रुसल्या, दोघी रडल्या. समोरासमोर उभ्या केल्या तर आधी नुसत्या खिदळत होत्या. आज मात्र शीतल चुकली आणि समोरच्या प्रतिभाने न थांबता, नुसत्या डोळ्यांनी तिला उचलून घेतलं. दोघी एकदम समेवर आल्या. मी मॅडमपण विसरून उड्या मारल्या. दिगंबरकाका वर धावत आले आणि मुलींना बघत दारातच उभे राहिले.

आत्या, हे मला एकटीने पुढे नेता येणार नाही. तू हवीस.

लोभ वाढवावा, अंतर कमी करावं.

तुझी तृप्ती


खकनार
२५ जानेवारी

चि. तृप्तीस,
खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून राहवेना. योगेशच्या मुलीला लाकडी दिवाणावर उभी केली आणि ठेका नाचायला लावला. मी खाली बसले, डोळे मिटून दोन्ही तळवे दिवाणाच्या फळीला लावले. पोरी, ठेका हातात आला! ती मुद्दाम चुकली तेव्हा मी लगेच थांबवलं, तर तिला वाटलं आजी बहिरेपणाचं सोंग करते. मग हसता हसता मला रडू आलं.

उद्या सकाळच्या बसने निघते, बॅग मोठी आहे. साडी आरशावर तशीच असू दे. दिगंबरभाऊंची काय ती समजूत मी घालीन, पण सतरंजी घालू नकोस. मला तुझी जमीन उघडी हवी.

बाकीची माया समोर बसून.

कुसुमआत्या